वक्त्याच्या रकान्यातलं नाव

चावी आली, रामटेके आले नाहीत.

रविवारी सकाळी नऊ वाजता ऊर्जानगरच्या छोट्या हॉलपुढे आम्ही दहा-अकरा जण उभे होतो आणि दाराला कुलूप होतं. चार वर्षांत हे पहिल्यांदाच. एरवी आम्ही पोचेपर्यंत वामन रामटेक्यांनी दार उघडून, टीव्हीच्या काचेवर साचलेली वीजकेंद्राची राख ओल्या फडक्यानं पुसून, टेपरेकॉर्डरची वायर जोडून ठेवलेली असायची. आठवडाभराची रजा टाकून ते मार्कंड्याजवळच्या आपल्या गावी गेले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. पण रविवारपर्यंत परततो म्हणाले होते, आणि ते म्हणाले म्हणजे परतणार. साडेनऊला हॉलचे रखवालदार पोचूभाऊ सायकलवरून आले. सायकल स्टँडवर लावली, खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात देत म्हणाले, "भाऊ गेले जी, बाई. काल दुपारी. मेंदूचा ताप... गडचिरोलीले नेता नेता." चावी त्यांच्याकडे रामटेकेच ठेवून गेले होते.

आमच्यातले मडावी म्हणाले, "आज राहू द्या, बाई." मी कुलूप उघडलं. इतक्या माणसांना उन्हात उभं ठेवण्यात काही अर्थ नव्हता. आत जाऊन बसलो. कॉम्प्युटरवरचं कापड कुणी काढलं नाही. पोचूभाऊंनी सवयीनं रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं, उघडलंही, आणि मग लक्षात आलं तसं मिटून टाकलं. त्या रजिस्टरात एक रकाना आहे. त्या रकान्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण रामटेके कसे होते हे त्यातून जितकं कळतं तितकं त्यांच्या शोकसभेतल्या चार भाषणांतून मला कळलं नाही.

रामटेके वीजकेंद्राच्या इन्स्ट्रुमेंट विभागात तंत्रज्ञ होते. बॉयलरचं तापमान, वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळांचे काटे खरं बोलतात की खोटं, हे तपासणं त्यांचं काम. शिक्षण चंद्रपूरच्या आयटीआयचं. वडील सायकली दुरुस्त करायचे. क्वार्टरमध्ये भिंतीतल्या फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, तिच्या शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि कॉम्प्युटरबरोबर आलेलं एक इंग्रजी पुस्तक, ज्याची पानं उलटून उलटून कापडासारखी मऊ झाली होती. अंगानं किरकोळ, बोलायला सावकाश, आणि गालात सदैव तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्या खर्ऱ्यावरून मी त्यांच्याशी चार वर्षं भांडले आणि चार वर्षं हरले.

मी त्यांच्या बैठकीत गेले ते हौसेनं नाही. मी ऑफिसात टायपिस्ट. आम्ही चौघीजणी होतो. पेपरात एकविसाव्या शतकाच्या गप्पा चालू होत्या, आणि आमच्या ऑफिसात ते शतक एका परिपत्रकाच्या रूपानं आलं : टायपिंग विभागात कॉम्प्युटर येणार, परीक्षा घेऊन चौघींपैकी दोघींना इथे ठेवणार, उरलेल्या दोघींची बदली. बदली म्हणजे कुठेही, दोनशे-तीनशे किलोमीटरवर. माझे यजमान बल्लारपूरला नोकरीला, दोन मुलं इथल्या शाळेत. बदली झाली असती तर घराचे तीन तुकडे झाले असते. माझं वय तेव्हा एक्केचाळीस. बाकीच्या तिघी माझ्याहून लहान. परीक्षेला आठ महिने होते आणि कॉम्प्युटर मी फक्त फोटोत पाहिला होता.

वसाहतीच्या शाळेला टीव्हीचा पडदा आणि कॅसेटचा टेपरेकॉर्डर जोडून चालणारा एक लहान कॉम्प्युटर मिळाला होता. शिकवणारं कुणी नाही म्हणून तो कपाटात पडून होता. करमणूक मंडळानं तो हॉलमध्ये आणवला आणि नागपूरहून एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं. चाळीसेक माणसं जमली. मी वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत. दहा वाजले, साडेदहा वाजले... नागपूरची गाडी वरोऱ्याच्या अलीकडे कुठेतरी बंद पडली आणि पाहुणे तिथूनच माघारी फिरले, असा फोन आला. माणसं उठायला लागली. तेव्हा प्लगपाशी उकिडवा बसलेला एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "पाव्हणे नाई आले, पण आपण तं आलो नं? कोणाजवळ काडेपेटी हाये काय?"

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची संख्या चांगली असल्यामुळे आठ काडेपेट्या निघाल्या. रामटेक्यांनी त्या रिकाम्या केल्या, टेबलावर मांडल्या, एकीवर 'अ' लिहिलं, दुसरीवर 'ब'. 'अ'मध्ये सात आकड्याची चिठ्ठी टाकली, 'ब'मध्ये बाराची. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, इकडं या. तुमी कॉम्प्युटर. या दोन पेट्यांतले आकडे अदलाबदल करून दाखवा. नियम एकच : एका पेटीत एकच चिठ्ठी राहीन. नवी टाकली का जुनी फेकायची."

मला वाटलं, हा काय पोरखेळ. 'अ'मधला आकडा वाचला, सात. सातची चिठ्ठी लिहून 'ब'मध्ये टाकली, बाराची फेकली. मग 'ब'मधला आकडा 'अ'मध्ये टाकायचा म्हणून 'ब' उघडली आणि थांबले. दोन्ही पेट्यांत सात.

"बारा कुठी गेले, बाई?"

"फेकले. तुम्हीच सांगितलं फेकायला."

"मंग आता?"

"आधी ते हातात धरून ठेवते."

"कॉम्प्युटरले हात नाईत जी," रामटेके म्हणाले. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. त्यांनी उत्तर सांगितलं नाही. पाच मिनिटं गेली असतील... मग माझं मलाच दिसलं. टेबलावर अजून सहा रिकाम्या पेट्या पडल्या होत्या. मी तिसरी ओढली, बारा आधी तिच्यात ठेवले, आणि काम झालं. कॉम्प्युटरची स्मरणशक्ती म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं ते आजपर्यंत विसरलेलं नाही. वहीत मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

हॉल बंद करताना पोचूभाऊ रजिस्टर घेऊन आले. मंडळाचा नियम असा की हॉल उघडला की रजिस्टरात नोंद हवी : दिनांक, विषय, वक्त्याचे नाव, उपस्थिती. वक्त्याचं नाव नसेल तर पुढच्या वेळी हॉल मिळणार नाही. पोचूभाऊ नियमाचे पक्के. "वक्ता कोण लिवू जी?" त्यांनी विचारलं. रामटेक्यांनी पेन घेतलं आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं 'दोन पेट्यांची अदलाबदल', वक्त्याच्या रकान्यात लिहिलं 'सौ. कुंदा बोरकुटे'.

मी भडकले. "माझ्या चुकीची जाहिरात कशाला? मी काय भाषण दिलं?"

"तुमी चुकल्या नसत्या तं आज कोणी काई शिकलं असतं काय?" ते म्हणाले. "शिकवलं तुमी. मंग नाव कोणाचं लिवू?"

तेव्हापासून ती रीत पडली. वक्त्याच्या रकान्यात त्या रविवारी ज्याच्या चुकीतून सगळे शिकले त्याचं नाव. पाहुणा नाही, व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत. पहिल्या महिन्यात चाळीसचे पंधरा झालो, कारण बऱ्याच जणांना ऐकायला यायचं होतं आणि इथे काही ऐकवलं जात नव्हतं. जे राहिले ते टिकले. कोळशाच्या पट्ट्यावर काम करणारे मडावी होते. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाचे, घरात गोंडी बोलणारे, हिशेब सगळा तोंडी. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतले बिस्वास होते. त्यांचं चंद्रपुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, टीव्ही त्यांनीच दिलेला. आणि मी.

दर रविवारी काय करायचं हे आधी ठरलेलं नसे. तरी काही रीती बनत गेल्या. सुरुवातीला एक फेरी, प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. मग कधी एकच गणित तिघांनी तीन वाटांनी सोडवायचं आणि कुणाची वाट आखूड ते बघायचं. कधी जोडी लावायची. एकानं फक्त तोंड चालवायचं, दुसऱ्यानं फक्त बोटं. बोलणाऱ्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही, टाइप करणाऱ्यानं डोकं लावायचं नाही. मी टायपिस्ट, माझी बोटं भराभर चालायची, त्यामुळे मडाव्यांची चूक पडद्यावर त्यांच्या तोंडातून निघायच्या आत उमटायची. "बाई, जरा हळू," ते म्हणायचे, "मले विचार तं करू द्या." मे महिन्यात ते यंत्र तापून बंद पडायचं, तेव्हा आम्ही सकाळी सातला जमायचो आणि नुसतं कागदावर काम करायचो.

पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती वाचनाची रीत. तुम्ही लिहिलेला प्रोग्राम, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं दिलेल्या सूचना, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती ओळ काय करते हे त्यानं सांगायचं, काडेपेट्यांत आकडे टाकत. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. आपण लिहिलेलं दुसरा चुकीचं समजून वाचतो आहे आणि आपल्याला बोलता येत नाही, ही शिक्षा ज्यानं भोगली आहे त्यालाच कळेल. आणि दहा वेळांतून नऊ वेळा तो चुकीचं समजलेला नसतोच, आपणच चुकीचं लिहिलेलं असतं.

ही पेट्यांची कल्पना त्यांना कुठून सुचली, असं मी एकदा विचारलं होतं. मार्कंड्याच्या जत्रेत त्यांच्या वडिलांचं सायकलचं दुकान लागे. शेजारी एक म्हातारा देवळात जाणाऱ्यांच्या चपला सांभाळायचा. "त्याले कोणाचं नाव ठाऊक नसे," रामटेके म्हणाले, "तोंडाकडं बी पाहत नव्हता. नंबर सांगितला का चप्पल हातात. मी लहान होतो, दिवसभर तेच पाहत बसो. पुढं पुस्तकात मेमरी वाचली अन् म्हणलो, हा तं आपला म्हातारा."

माणूस सोपा नव्हता, हेही सांगायला हवं. उत्तर माहीत असून सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट कधीकधी छळ वाटायचा. माझ्या परीक्षेला चार आठवडे उरले असताना त्या हट्टानं मला रडकुंडीला आणलं.

झालं असं की मंडळाला नवे सेक्रेटरी आले. पुण्याचे, व्यवस्थित गृहस्थ. त्यांनी सगळी रजिस्टरं मागवली आणि आमचं बघून रामटेक्यांना बोलावणं धाडलं. मीही सोबत गेले. "हे मडावी सहा वेळा वक्ते कसे?" साहेबांनी विचारलं. "आणि या बोरकुटे बाई नऊ वेळा? यांची या विषयातली पात्रता काय?"

"चुकतात जी," रामटेके म्हणाले. "लय चांगल्या चुकतात."

साहेबांना ते हसण्यावारी नेता आलं नाही. हे खोटं रजिस्टर आहे, असं ते म्हणाले. पुढच्या रविवारी मी स्वतः येईन, रीतसर वक्ता आणि रीतसर व्याख्यान दिसलं नाही तर कॉम्प्युटर शाळेच्या कपाटात जाईल. पंचक्रोशीत दुसरा कॉम्प्युटर नव्हता. तीन आठवडे सराव बुडाला असता तर परीक्षेत मी काय केलं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं.

बाहेर आल्यावर मी रामटेक्यांना म्हटलं, "एक तास बोला आणि मोकळे व्हा. तुम्हाला येतं ना सगळं? तुमचं नाव वक्ता म्हणून लिहू, साहेब खूश."

"मी बोललो तं तुमी ऐकान. ऐकून तुमाले काय येईन?"

"इथे माझं घर मोडायची वेळ आली आहे आणि तुम्ही तत्त्व सांगता!" माझा आवाज चढला होता. ड्यूटीच्या बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. "दुसऱ्याची चूक रकान्यात लिहिणं सोपं आहे. इतक्या दिवसांत तुमचं नाव एकदा तरी आलं का त्यात?"

ते थांबले. खर्रा थुंकले. रागावले नाहीत, खरोखर विचार करत होते. "नाई आलं," म्हणाले. "माझी चूक दाखवा, बाई. लगेच लिवतो."

मला दाखवता आली नाही. ते सगळं घरी चार-चार वेळा तपासून आणायचे. मी तरातरा निघून गेले, आणि तो आठवडा त्यांच्याशी बोलले नाही.

रविवारी साहेब बरोबर नऊला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात डायरी. "वक्ते कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. रामटेके म्हणाले, "साहेब, वक्ता अजून ठरला नाई. शेवटी ठरते. तवर तुमी आमाले मदत करता काय? कॉम्प्युटर व्हा." मला वाटलं, संपलं सगळं. पण साहेबांना नाही कसं म्हणावं ते सुचलं नसावं. त्यांच्या हातात एक काडेपेटी आली.

तीन खुर्च्या ओळीत ठेवल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर मी, दुसरीवर मडावी, तिसरीवर बिस्वास. साहेबांनी खुर्ची-खुर्चीवर जायचं आणि तिथला माणूस सांगेल तेवढंच करायचं. प्रोग्राम अगदी साधा, पाचपर्यंत मोजून थांबायचा. मी सांगायची, "पेटीतल्या आकड्यात एक मिळवा." मडावी सांगायचे, "पाच झाले काय जी? नसन झाले, तं पयल्या खुर्चीवर. झाले असन, मंग जा." आणि तिसरीवरचे बिस्वास म्हणणार, "थांबा." खेळ चालू असताना आपल्या ओळीपलीकडे कुणी एक शब्द बोलायचा नाही, हा नेहमीचा नियम.

साहेब फिरू लागले. एक, दोन, तीन, चार. पाच झाले. मडावी म्हणाले, "झाले असन, मंग जा." साहेब वळले आणि परत माझ्याकडे आले. मी काय करणार, माझी ओळ म्हटली. सहा झाले. मडाव्यांकडे गेले. "झाले असन, मंग जा." साहेब पुन्हा माझ्याकडे. सात. आठ. नऊ. आमच्या कुणाच्या काही लक्षात येईना. तिसऱ्या खुर्चीवर बिस्वास "थांबा" म्हणायला तोंड उघडून बसलेले, पण त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. अकरावर मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. चौदावर साहेबांच्या शर्टाला पाठीवर घाम आला. एकोणीसला साहेबांनी पेटी टेबलावर आपटली.

"हे कधी थांबणार? हे गृहस्थ दर वेळी मला मागं जा म्हणतात!"

"मी कुठी म्हणलो मांगं?" मडावी चकित होऊन म्हणाले. "मी मंग म्हणलो, साहेब. मंग जा. मांगं नाई."

आणि हॉल असा हसला की पोचूभाऊ काय झालं म्हणून धावत आत आले. आमच्याकडे 'मग'चं 'मंग' होतं आणि 'मागे'चं 'मांगं'. जन्मभर दोन्ही शब्द बोललो, आम्हाला त्यांत कधी गोंधळ झाला नाही. पुण्याच्या कानाला दोन्ही एकच. साहेब हसले नाहीत. पण ते गेलेही नाहीत. रुमालानं मान पुसत म्हणाले, "पण मग चूक कुणाची? सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची?"

रामटेके याचीच वाट बघत असावेत. "कॉम्प्युटरची तं नाई," ते म्हणाले. "तुमी ऐकलं तसंच केलं. तो बी तसाच असते. आपल्या मनातलं त्याले कळत नाई, सांगितलं तेवढंच कळते."

पुढे तासभर वाद झाला. कोण काय म्हणालं ते सगळं आठवत नाही, पण शेवटी साहेबांनी स्वतः मडाव्यांच्या हातातला कागद घेतला, 'मंग जा' खोडलं, 'तिसऱ्या खुर्चीवर जा' असं लिहिलं, आणि पुन्हा पेटी हातात घेऊन चालायला लागले. पाचवर थांबले, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पोचूभाऊंनी रजिस्टर पुढे केलं. रामटेक्यांनी विषय लिहिला 'मंग आणि मांगं', आणि वक्त्याच्या रकान्यात साहेबांचं नाव, हुद्द्यासकट.

साहेबांनी ते वाचलं. "हे रजिस्टर तपासणीला कुणाकडे जातं?"

"तुमच्याचकडं जी," रामटेके म्हणाले.

साहेबांनी सही केली. कॉम्प्युटर कपाटात गेला नाही.

तीन आठवड्यांनी परीक्षा झाली. एक छापील प्रोग्राम दिला होता, तो बिघडलेला होता, दुरुस्त करायचा. बाकीच्या तिघी सरळ कीबोर्डवर बसल्या. मी कागद पुढे ओढला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुटपुटायला लागले. मनातल्या मनात काडेपेट्या मांडल्या. परीक्षकांनी दोनदा विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" चौदाव्या ओळीत 'अमुक ओळीवर जा' होतं, ते एक ओळ अलीकडे नेत होतं. मांगं. मी ते मंग केलं. माझं घर जिथल्या तिथे राहिलं. रामटेक्यांना सांगायला गेले, तर त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "चांगलं झालं," म्हणाले. "आता या चुका जुन्या झाल्या. रविवारी नव्या आणा."

त्यानंतरही तीन वर्षांहून अधिक काळ मी दर रविवारी जात राहिले, काम नसताना. माझी परीक्षा संपली होती, सवय संपली नव्हती. रकान्यात माझं नाव एकवीस वेळा आहे, मडाव्यांचं सतरा. ते गेले तोवर रामटेक्यांचं एकदाही नव्हतं.

मडावी रामटेक्यांच्या गावी त्यांच्या घरच्यांना भेटून आले, तेव्हा रामटेकेवहिनींनी त्यांच्याजवळ एक कॅसेट आणि एक वही दिली. कॅसेटवर रामटेक्यांच्या किरट्या अक्षरात 'रविवार' लिहिलेलं. वहिनी म्हणाल्या, "बैठकीत काय करायचं ते सारे मलेच विचारतात म्हणे, म्हणून यंत्रात भरून राह्यलो म्हणत होते." कॅसेट लावली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली : आज काडेपेटी. वहीत बघितलं तर तोच प्रोग्राम ओळीनं उतरवलेला, आणि अकरा प्रकार लिहून ठेवलेले. चुकांची फेरी, वाचन, जोडी, तीन वाटा, माणसांचा प्रोग्राम, सगळं. त्यांतला कोणताही एक यंत्रानं निवडून सांगायचा, म्हणजे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आम्ही गुपचूप काडेपेट्या मांडल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा लावली. आज काडेपेटी. तिसऱ्या रविवारीही तेच. बिस्वासांनी पडद्यापुढे हात जोडले. "दादाच बोलून राह्यले, बाई. जिथून सुरू केलं तिथंच या म्हणून राह्यले." मडाव्यांचे डोळे भरले.

मला ते पटलं नाही. रामटेक्यांना तोच तो प्रकार लागोपाठ तीन रविवार कधी चालला नसता. मी म्हटलं, "वही इकडे द्या. मडावी, वाचा. मी पेट्या धरते."

मडावी नाक पुसून वाचायला लागले. ओळीवर बोट, ओळीचा अर्थ. या वेळी लिहिणारा तोंड उघडणार नव्हताच. दोन तास लागले. यंत्राला 'कोणताही एक आकडा दे' असं सांगायची एक आज्ञा असते. पण यंत्र नव्यानं सुरू केलं की ते दर वेळी तेच आकडे त्याच क्रमानं देतं. त्याला आधी ढवळून घ्यावं लागतं, त्याची एक वेगळी ओळ लिहावी लागते. ती ओळ नव्हती. रामटेक्यांनी हॉलमध्ये यंत्र बंद न करता पुन्हा पुन्हा चालवून बघितला असणार, दर वेळी वेगळं उत्तर आलं असणार, म्हणून बरोबर वाटला असणार. आम्ही दर रविवारी यंत्र नव्यानं सुरू करत होतो, आणि दर रविवारी पहिला आकडा तोच.

"म्हणजे भाऊ चुकले," मडावी हळूच म्हणाले.

"चुकले," मी म्हटलं.

बिस्वास म्हणाले, राहू द्या तशीच, त्यांची आठवण म्हणून. मी नाही म्हटलं. माहीत असलेली चूक तशीच ठेवली म्हणून त्यांनी आम्हाला हॉलबाहेर काढलं असतं. मडाव्यांनी ओळ सांगितली, मी टाइप केली. आता तो प्रोग्राम दर रविवारी वेगळं काही सांगतो. काडेपेटी मधूनच एखाद्या वेळी येते.

त्या दिवशी पोचूभाऊंनी रजिस्टर पुढे केलं, तेव्हा मी पेन घेतलं आणि वक्त्याच्या रकान्यात लिहिलं, 'वामन रामटेके'. पोचूभाऊंनी वाकून वाचलं. नियमाचे पक्के, सांगितलंच आहे. म्हणाले, "बाई, असं कसं चालन? भाऊ तं..."

"विषय वाचा," मी म्हटलं.

विषयाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'रामटेके यांची चूक'. पोचूभाऊंनी ते एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, मान हलवली आणि रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. चावी आता माझ्या घरी, दाराजवळच्या खिळ्यावर असते. पावणेनऊला निघावं लागतं. काचेवरची राख पुसायला पंधरा मिनिटं लागतात.